त्या कोर्टात माझा कागद लावता येतो का? मराठवाड्याच्या आठ खासदारांना खुले पत्र

माननीय खासदार महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात वकिली करते. रोजचं काम तालुक्याच्या कोर्टात असतं, अधूनमधून फाइल घेऊन उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाते. हे पत्र आपणा आठही जणांना एकत्र लिहिते आहे, कारण विषय एका मतदारसंघाचा नाही आणि एका पक्षाचाही नाही. दिल्लीत एक सही व्हायची राहिली आहे. खरं तर तीन: सरकारविरुद्धची तक्रार नागरिकाला संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांकडे नेता यावी यासाठीच्या दोन, आणि छळविरोधी कराराच्या मंजुरीची एक. त्या व्हाव्यात म्हणून आपण लोकसभेत उभं राहावं, एवढंच मागणं आहे. पण मागणं नीट कळावं म्हणून आधी एका बाईबद्दल सांगते.

जुलै २०१९ची गोष्ट. कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ तारखेला दिला होता. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलासमोर एक ऊसतोड कामगार बाई येऊन बसली. वय तिशीच्या आसपास. मांडीवर कापड दुकानाची पिशवी, त्यात सोनोग्राफीचा एक रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स. चार वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली होती. पोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेतली, एका इंग्रजी कागदावर अंगठा दिला आणि टाके सुकले न सुकले तोच कोयता घेऊन फडात उतरली. खाडा पडला तर उचलीत भर पडते, म्हणून. तेव्हापासून कंबर धरते, हातपाय जळतात, अंगातून वाफा निघतात. गरज होती का ऑपरेशनची? तिला माहीत नाही. केसपेपर कधी हाती दिलेच नाहीत, त्यामुळे मलाही माहीत नाही.

तिने विचारलं, "बाई, टीव्हीवर सांगायलेत, हेगच्या कोर्टानं आपल्या माणसाची फाशी रोकली म्हणून. त्या कोर्टात माझा कागद लावता येतो का?"

मी म्हणाले, नाही.

"मग त्यो माणूस कसा गेला?"

"तो गेला नव्हता. त्याच्या वतीनं आपलं सरकार गेलं होतं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग माझ्या वतीनं कोण जाईल?"

कायद्याने माझं उत्तर बरोबर होतं. पण तिच्या दुसऱ्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी वाचत गेले, शोधत गेले. जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवते.

हेगचं ते न्यायालय देशादेशांमधल्या भांडणासाठी आहे. त्याच्या संविधीच्या ३४व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की तिथं पक्षकार फक्त राष्ट्रं असू शकतात. माणूस नाही, संस्था नाही, ग्रामपंचायत नाही. त्याच शहरात दुसरं एक न्यायालय आहे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. लोकांची इथं फार गल्लत होते. ते वंशसंहार, युद्धगुन्हे अशा गुन्ह्यांत व्यक्तींवर खटले चालवतं. पीडिताने थेट दावा लावावा अशी ती जागा नाही. आणि ते ज्या रोम संविधीवर उभं आहे, तिचा भारत सदस्य नाही.

जाधव यांच्या खटल्यात भारत हेगला पोचला तरी कसा, हे मात्र आपण बारकाईने बघावं अशी माझी विनंती आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे. पाकिस्तानला ओढून नेण्याचा भारताला आपोआप हक्क नव्हता. वाणिज्य दूतांच्या संबंधांविषयी १९६३चा व्हिएन्ना करार आहे, आणि त्याला जोडलेला एक ऐच्छिक प्रोटोकॉल आहे. ऐच्छिक प्रोटोकॉल म्हणजे मूळ कराराच्या शेपटाला लावलेला वेगळा कागद. मूळ करारावर सही केली म्हणून तो लागू होत नाही, त्यासाठी देशाला स्वतंत्रपणे मान्यता द्यावी लागते. करारावरून वाद झाला तर न्यायालयाचा अधिकार आम्हाला मान्य, असं त्या कागदात आहे. भारताने आणि पाकिस्तानने दोघांनीही तो मान्य केलेला होता. तेवढ्या एका कागदाच्या जोरावर मे २०१७ मध्ये भारत हेगच्या दारात उभा राहिला, नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर लढले आणि १५ विरुद्ध १ असा निकाल लागला. पाकिस्तानने जाधव यांना भारतीय दूतावासाशी संपर्क करू दिला नाही हा करारभंग ठरला. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, असं न्यायालयाने सांगितलं.

त्याच खटल्यात भारताने आणखी एक मुद्दा मांडला होता. लष्करी न्यायालयात जाधव यांना नीट सुनावणी मिळाली नाही आणि त्यामुळे नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराचं १४वं कलम मोडलं, असं आपल्या सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आमचा अधिकार व्हिएन्ना करारापुरता आहे, त्यापलीकडे आम्ही जाऊ शकत नाही, असं ते म्हणालं. अधिकारक्षेत्राची मर्यादा म्हणजे काय, ते यावरून कळतं. अन्याय खरा असला तरी ज्या दारातून तुम्ही आत आलात, त्या दाराच्या मापाचाच न्याय मिळतो.

१९६६चा तो करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला. त्यालाही एक ऐच्छिक प्रोटोकॉल आहे. तो मान्य केलेल्या देशातला कोणताही माणूस, आपल्या देशात न्याय न मिळाल्यास, संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या १८ तज्ज्ञांच्या मानवाधिकार समितीकडे स्वतःच्या नावाने तक्रार पाठवू शकतो. शंभराहून अधिक देशांनी तो मान्य केला आहे. भारताने केलेला नाही.

एका नागरिकासाठी एका ऐच्छिक प्रोटोकॉलचा आधार घेऊन सरकार हेगला गेलं, ते योग्यच केलं. त्या दिवशी मलाही अभिमान वाटला होता. पण परदेशी सरकारने आपल्या माणसावर अन्याय केला तर आंतरराष्ट्रीय न्याय हवा, आणि अन्याय घरातला असेल तर तोच दरवाजा बंद, हे मी त्या बाईला कसं समजावून सांगू? तिच्या वतीने सरकार जाऊ शकत नाही, कारण जाब सरकारलाच द्यायचा आहे. तिचं तिलाच जाऊ दिलं पाहिजे.

तिच्या बाबतीत तर वेगळा, जास्त जवळचा करार आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार, ज्याला आम्ही वकील मंडळी सीडॉ म्हणतो. भारताने तो १९९३ मध्ये मंजूर केला. विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, म्हणजे हा कागद आपल्याकडे नुसता शोभेचा नाही. त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल १९९९ साली आला. बांगलादेशाने तो मान्य केला, श्रीलंकेने केला, नेपाळने केला, मालदीवने केला. आपण केला नाही.

त्या प्रोटोकॉलखाली काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मला हंगेरीत सापडलं आणि वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. जानेवारी २००१. रोमा समाजाची एक बाई. रोमा म्हणजे युरोपातला भटका, गावकुसाबाहेर ठेवलेला समाज. पोटातलं मूल दगावलेलं, रक्तस्राव चालू, अशा अवस्थेत तिला दवाखान्यात आणलं. सिझेरियनच्या संमतीपत्रावर डॉक्टरने हाताने एक ओळ वाढवली होती आणि तीत नसबंदीसाठी लॅटिन शब्द वापरला होता. तिने सही केली. अॅम्ब्युलन्स दारात आल्यापासून दोन्ही शस्त्रक्रिया पुऱ्या होईपर्यंत १७ मिनिटं गेली. आपल्याला आता मूल होणार नाही हे तिला नंतर कळलं. हंगेरीतल्या कोर्टांनी तिला भरपाई नाकारली. तिची तक्रार या करारावर देखरेख ठेवणाऱ्या सीडॉ समितीपुढे गेली आणि २००६ मध्ये समितीने सांगितलं की समजून-उमजून दिलेली संमती ही नव्हे, हिच्या हक्काचा भंग झाला आहे, हिला भरपाई द्या. पुढे हंगेरी सरकारने भरपाई दिली.

लॅटिन शब्दाखाली सही आणि इंग्रजी कागदावर अंगठा. बीड आणि हंगेरी यांत मला तरी अंतर दिसलं नाही.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं. गरोदर बाई खासगी दवाखान्यात गेली, उपचाराला उशीर झाला, ती गेली. तिच्या आईने तक्रार केली. दवाखाना खासगी होता, आमचा काय संबंध, असं सरकार म्हणू शकत नाही, हे समितीने २०११ मध्ये स्पष्ट केलं. खासगी दवाखान्यावर देखरेख ठेवणं हे सरकारचंच काम आहे. आपल्याकडे गर्भपिशवीचा विषय निघाला की पहिलं उत्तर हेच येतं ना, की ऑपरेशनं खासगीत झाली?

बीड जिल्ह्यात राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे आकडे सरकारचेच आहेत, आपणही ते सभागृहात ऐकले असतील. त्यानंतर परवानगीशिवाय ऑपरेशन नको, आरोग्य कार्ड, तपासणी असे काही नियम झाले आणि ते बरंच झालं. पण जिची पिशवी आधीच गेली, तिला जाब विचारण्याची जागा कुठं आहे? ग्राहक मंचात दोन वर्षांची मुदत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या कायद्यातच एक वर्षाची मुदत. ती माझ्याकडे आली तोवर दोन्ही मुदती उलटल्या होत्या. फौजदारी तक्रारीला आधी वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय लागतो, तो मागितला, आला नाही. मुकादमाच्या टोळीबरोबर वर्षातले पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईने मुदत कुठं आणि कशी मोजायची, याचा विचार त्या कायद्यांत झालेला नाही.

आता छळाबद्दल. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८४चा. भारताने त्यावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही केली, पण मंजुरी दिली नाही. आपल्या अंगावर बंधन येतं ते मंजुरीने. १७० हून अधिक देश त्यात सामील झाले, आपण अजून उंबरठ्यावर आहोत. मंजुरीसाठी देशात कायदा हवा म्हणून छळ प्रतिबंधक विधेयक आलं, ते मे २०१० मध्ये लोकसभेने, म्हणजे आपण आज ज्या सभागृहात बसता त्याच सभागृहाने, संमत केलं. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिलं आणि पुढे लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३व्या अहवालात पुन्हा सांगितलं की करार मंजूर करा, हा घ्या कायद्याचा मसुदा. तोही पडून आहे. माजी केंद्रीय कायदा मंत्री अश्वनी कुमार सर्वोच्च न्यायालयात गेले, तर २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की कायदा करा असा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही. म्हणजे चेंडू पुन्हा आपल्याकडेच आहे.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये काय झालं ते आपणा सर्वांना माहीत आहे. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटलं, धरपकड झाली आणि न्यायालयीन कोठडीत असलेला एक तरुण गेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा एवढ्यासाठी त्याच्या आईला खंडपीठापर्यंत यावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथंही आदेश टिकला. आपली न्यायालयं काम करत नाहीत असं मी म्हणत नाही; ती करतात म्हणून तर मी रोज काळा कोट घालते. पण नुसता गुन्हा नोंदवायला सात महिने आणि दोन वरची न्यायालयं लागली. खटला चालून निकाल लागायचा अजून पुढेच.

नेपाळने मानवाधिकार समितीचा प्रोटोकॉल १९९१ साली मान्य केला. तिथल्या एका बाईच्या नवऱ्याला २००२ मध्ये लष्कराने उचलून नेलं, तो पुन्हा दिसलाच नाही. ती जिनिव्हाला लिहू शकली आणि २००८ मध्ये समितीने नेपाळ सरकारला दोषी धरलं. नेपाळ आपल्यापेक्षा गरीब आहे, लहान आहे, त्या काळात तिथं यादवी चालू होती. तरी त्या बाईला लिहिण्याचा हक्क होता. आपल्याकडच्या आईला नाही.

यावर दिल्लीतून जी उत्तरं येतात ती मला ठाऊक आहेत. आमची न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे, बाहेरच्यांनी नाक खुपसायची गरज नाही. सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. तक्रारींचा पूर येईल.

पूर येणार नाही, हे मी वकील म्हणून सांगते. या समित्यांचा पहिलाच नियम असा की आधी स्वतःच्या देशातले सगळे उपाय संपवून या. तालुका, जिल्हा, खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय हे सगळं करून मग. देशातली प्रक्रिया विनाकारण लांबत गेली असेल तरच सवलत. दुसरा नियम, प्रोटोकॉल लागू होण्याआधीच्या घटना साधारणपणे चालत नाहीत. तिसरा, तेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेपुढे चालू असेल तर घेत नाहीत. निनावी अर्ज तर मुळीच नाही. इतक्या चाळण्यांतून माझ्या कपाटातल्या फाइली काढल्या तर एखादी पार होईल, बाकीच्या अडकतील. आणि जी पार होईल तिच्यावर समिती जे देईल त्याला 'मत' म्हणतात, निकाल नव्हे. त्याची कोर्टासारखी अंमलबजावणी होत नाही. कोणी जिनिव्हाहून येऊन आपल्या ठाणेदाराला अटक करणार नाही.

मग एवढा आटापिटा कशासाठी, असं आपण विचाराल. कारण तक्रार आली की सरकारला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागतं. मानवाधिकार समितीच्या बाबतीत सहा महिन्यांत. काय तपास केला, कागद कुठं आहे, डॉक्टरला विचारलं का, पोलिसाला विचारलं का, हे कुणीतरी बसून लिहावं लागतं आणि त्याखाली भारत सरकार असं येतं. माझ्या पक्षकार बाईला आजवर कुणीही, एकाही कार्यालयाने, लेखी उत्तर दिलेलं नाही. आणि ही तक्रार पाठवायला फी लागत नाही, विमानाचं तिकीट लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. सगळं लेखी चालतं. ऊसतोड बाईला परवडेल अशी ती जागा आहे, एवढंच तिला कधी कुणी सांगितलेलं नाही.

सार्वभौमत्वाचं म्हणाल, तर या समित्यांपुढे आपलं सरकार आजही जातं. जुलै २०२४ मध्येच भारताचं शिष्टमंडळ मानवाधिकार समितीपुढे बसलं, तब्बल २७ वर्षांनी, आणि प्रश्नांना उत्तरं देऊन आलं. आपल्याच माणसांबद्दल परक्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारलेले चालतात, त्यांत सार्वभौमत्व जात नाही. फक्त ज्याचं दुखतंय त्याने लिहायचं नाही. आणि ज्यांना फारच धास्ती आहे त्यांच्यासाठी सीडॉच्या प्रोटोकॉलमध्ये सोयही आहे. समितीने स्वतःहून चौकशी करायची तरतूद नको असेल तर ती वगळून उरलेलं स्वीकारता येतं. बांगलादेशाने तसंच केलं आहे.

युरोपात गोष्ट आणखी पुढे गेली आहे. तिथल्या ४६ देशांतला कोणताही माणूस, देशातली कोर्टं संपली की, स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात थेट जातो. १९९८ पासून त्यासाठी मधल्या आयोगाचीही गरज उरलेली नाही, आणि तिथला निकाल देशावर बंधनकारक असतो. लॅटिन अमेरिकेत आधी आयोग, मग न्यायालय. आफ्रिकेत देशाने वेगळी घोषणा केली असेल तरच माणसाला थेट प्रवेश; टांझानियात अरुशा शहरात ते न्यायालय बसतं आणि त्याच टांझानियाने २०१९ मध्ये आपली घोषणा मागे घेतली. सरकारं घाबरतात, सगळीकडे घाबरतात, हे मला मान्य आहे. आशियात तर असं न्यायालयच नाही. म्हणून आपल्यासाठी जिनिव्हातल्या या समित्या तेवढ्या उरतात.

आज भारतीय माणसाला तिथं काहीच करता येत नाही असं नाही. मनमानी अटकेबद्दल संयुक्त राष्ट्रांचा एक कार्यगट आहे, विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेले तज्ज्ञ, आहेत, त्यांना कोणीही लिहू शकतं. ते सरकारला पत्र पाठवतात. मी दोनदा लिहिलंही आहे. पण तक्रारदार म्हणून स्वतःच्या नावावर प्रकरण चालणं आणि कुणाच्या तरी पत्रात आपला उल्लेख होणं यात फरक आहे.

मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४८च्या ऑगस्टमध्ये हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला होता. नेला कुणी? निजामाने. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये निजामाचे प्रतिनिधी बोलले आणि दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, इकडे त्याच्या फौजांनी शरणागती पत्करली. ज्या रयतेची घरं रझाकारांनी जाळली, तिला त्या परिषदेत तोंड नव्हतं. पोलीस कारवाईनंतर जे मुसलमान मारले गेले, त्यांच्या घरच्यांनाही नव्हतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, नांदेडसह जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून त्याचा अहवाल दिला, तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. सरकारं बोलली, रयत दोन्ही वेळा गप्प राहिली. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदनाला उभे राहतो तेव्हा मला हे आठवतं.

आणि खंडपीठ? मुंबईला जायचं म्हणजे आमच्या आजोबांना जमीन गहाण टाकावी लागायची. न्याय जवळ यावा म्हणून मराठवाड्याने केवढी चळवळ केली. १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ बसलं, त्यालाही आव्हान मिळालं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि १९८४ला ते कायम झालं. तेव्हाही म्हणणारे होते की मुंबई काय वाईट आहे. कोर्ट किती लांब आहे यावर न्याय मिळतो की नाही ते ठरतं, हे मराठवाड्याने तेव्हा अंगावर घेऊन सिद्ध केलं. आज मी त्याच मागणीतलं पुढचं पाऊल मागते आहे.

करार मान्य करणं केंद्र सरकारच्या हातात आहे, त्याला संसदेची आधी संमती लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आपण विचारायचं आहे. परराष्ट्र मंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारा की सीडॉचा ऐच्छिक प्रोटोकॉल आणि नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा ऐच्छिक प्रोटोकॉल भारताने का स्वीकारलेला नाही; 'विचाराधीन आहे' असं उत्तर आलं तर कुणाच्या विचाराधीन, कधीपासून, ते पुरवणीत विचारा. गृहमंत्र्यांना विचारा की विधी आयोगाच्या मसुद्याचं काय झालं. शुक्रवारी अशासकीय कामकाज असतं. तुमच्यातल्या एकाने छळ प्रतिबंधक विधेयक मांडावं, बाकीच्या सात जणांनी पाठीशी राहावं. पक्ष वेगळे असतील, पण ऊसतोड टोळ्या तुम्हा सगळ्यांच्याच भागातून निघतात आणि कोठडीही प्रत्येक जिल्ह्यात आहे. यांतलं एक निवडायचं झालंच तर सीडॉ आधी घ्या. ते सोपं आहे, शेजाऱ्यांनी केलेलं आहे.

त्या बाईचं काय, असं कुणी विचारेल. २०१९ मध्ये मी तिला सांगितलं होतं की उद्या सही झाली तरी तुझं प्रकरण जुनं, ते बसणार नाही. नंतर मी हंगेरीचा निर्णय पुन्हा नीट वाचला. तिथंही शस्त्रक्रिया जानेवारी २००१ची होती आणि प्रोटोकॉल हंगेरीला लागू झाला मार्चमध्ये. सरकारने तोच आक्षेप घेतला होता. समिती म्हणाली, नसबंदीचा परिणाम कायमचा आहे, तो आजही चालू आहे, म्हणून तक्रार ऐकता येईल. गर्भपिशवीबद्दलही हेच म्हणता येईल असं मला वाटतं. समितीला पटेल की नाही ते सांगता येत नाही, आणि त्याआधी मला तिच्यासाठी इथल्या कोर्टांच्या पायऱ्या चढाव्याच लागतील. त्याची तयारी मी सुरू केली आहे. तिची कागदांची पिशवी माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात.

आपल्या उत्तराची वाट पाहते. शक्य असेल तर मराठीत आणि लेखी द्यावं. ती अजूनही तोडीला जाते. दसऱ्यानंतर टोळी निघते. त्याआधी उत्तर आलं तर तिला वाचून दाखवता येईल.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक वकील